मे महिन्याची सुई

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी आमच्या बाल्कनीत मांडी घालून, कानटोपी ओढून बसलो होतो आणि बायकोच्या हेअर ड्रायरनं एका छोट्या गाडीला गरम हवा देत होतो. समोरच्या इमारतीतल्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. त्यांनी आत जाऊन यजमानांना आणलं. यजमान तोंडात ब्रश धरून आले. दोघं मिळून माझ्याकडे बघायला लागले. आता काहीतरी केलंच पाहिजे म्हणून मी ड्रायर जरा उंचावून त्यांना नमस्कार केला.

"काहून हो," मागून बायकोचा आवाज आला, "माझं ड्रायर घेऊन इथं काय करून राहिले?"

"मे महिना करून राहिलो," मी म्हणालो.

माझ्या उत्तरांची तिला एव्हाना सवय झाली होती. "वायर जळली तर नवीन आणून द्या म्हणजे झालं," एवढं म्हणून ती आत गेली.

डिसेंबरात मे महिना करायची वेळ माणसावर का यावी, ते सांगतो.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. तिला खेळणं म्हटलेलं त्याला चालायचं नाही. आकारानं जेवायला बसायच्या पाटाएवढी, चाकं खडबडीत, आणि आत लिंबाएवढं खरंखुरं इंजिन. चालते हातातल्या रिमोटवर, पण सेलवर नव्हे. तिच्या टाकीत गुलाबी रंगाचं उग्र वासाचं फ्यूल ओतावं लागतं आणि दोरी ओढून ती सुरू करावी लागते. सुरू झाली की मांजराएवढी गांधीलमाशी चिडल्यासारखा आवाज. धाकट्यानं लग्न केलं नाही. तो आमच्याकडेच राहायचा, बाल्कनीलगतची खोली त्याची. औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी होती. आठवडाभर भंडारा, वर्धा, काटोल असं बॅग घेऊन हिंडायचा आणि रविवार गाडीला द्यायचा.

मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपर्यंत, आणि त्यातही झाकण धरायला. दर रविवारी धाकटा दारात उभा राहून विचारायचा, "दादा, येतो का?" आणि मी पांघरुणातूनच "पुढल्या वेळी" म्हणायचो. एकदाच गेलो. तेही भावाच्या प्रेमापोटी नाही. मे महिना होता, आदल्या रात्री कूलरची मोटर जळाली होती आणि घरात बसवत नव्हतं.

कामठी रोडच्या मागच्या बाजूला एक लेआउट पडलं आहे. प्लॉट पाडलेले, दगड रोवलेले, घरं मात्र अजून उठलेली नाहीत. तिथं या लोकांनी माती सारखी करून वळणावळणाचा रस्ता केलाय. लोक म्हणजे फार नव्हते. धाकटा, त्याचा एक दोस्त, कधी आणखी कुणी. दोस्त दातांचा डॉक्टर, जरीपटक्यात दवाखाना. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक मशीन फिरवून याचं पोट कसं भरत नाही, असं मला वाटलं होतं.

मी गेलो तेव्हा दोघंही गाडीवर वाकलेले. धाकटा एका बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं इंजिनाच्या कडेचा पितळी स्क्रू इवलासा फिरवायचा, गाडी एक चक्कर पळवायचा, मान तिरपी करून ऐकायचा, परत बोलवायचा, पुन्हा फिरवायचा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सुई लावून राहिलो. ही सुई आत घातली की फ्यूल कमी जाते, बाहेर काढली की जास्त. सकाळी आलो तेव्हा हवा थंड होती. आता ऊन चढलं ना, हवा पातळ झाली. पातळ हवेले फ्यूल कमी पाहिजे. म्हणून थोडी आत."

"म्हणजे दर तासाला हेच?"

"हव," तो हसला, "तुझ्यासारखंच. थंडीत एक जेवण, उन्हात दुसरं." मग स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरून म्हणाला, "फिरव ना तू. घड्याळाचा काटा एक घर सरकतो, तेवढंच."

माझ्या हातात तर्री-पोह्यांची प्लेट होती. "नको बाप्पा, माझ्या हातून बिघडन," असं म्हणून मी ती प्लेट दोन्ही हातांनी धरली. त्यानं स्वतःच फिरवली. मग गाडी जी पळाली, तिचा आवाज मलाही कळला. भरून आलेला, जरा घोगरा. मागे निळसर धुराची बारीक रेघ. डॉक्टर म्हणाला, "झालं बे, आता हात नको लावू." धाकट्यानं नाही लावला.

त्याच आठवड्यात तो दुपारी काटोलच्या बसस्टँडवर बाकावर टेकला आणि उठलाच नाही.

मला रडू आलं नाही. अभिमानानं सांगत नाही आणि तक्रारही करत नाही, आलं नाही एवढंच. घाटावर सगळं चाललं होतं तेव्हा माझ्या डोक्यात कूलरची मोटर होती. दुरुस्तीला टाकलेली आणायची राहिली होती आणि पाहुणे आले तर कुठे झोपवायचे. घरी आल्यावर मोठ्या मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रड बापू, रड. मोकळं वाटन." माणूस इतकं सांगतंय म्हणून मी खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, चेहरा वाकडा केला. मावशीला वाटलं माझ्या पोटात कळ आली. तिनं बायकोला हाक मारून ओवा मागवला. तो मी चावून खाल्ला.

तेरवीपर्यंत घरातल्या बायकांनी त्याची खोली धुऊन-पुसून लख्ख केली. चादरी धुतल्या, कपडे वाटले, भिंतीवरची खिळ्यांची भोकंसुद्धा कुणीतरी टूथपेस्टनं बुजवली. मोबाइल उघडायचा आकडा कुणालाच माहीत नव्हता. त्याचा म्हणून जो पसारा होता, तो चार दिवसांत नाहीसा झाला. उरली गाडी, कारण ती पलंगाखाली होती आणि तेलकट होती.

जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, मी ती बाहेर काढली. पार्किंगमध्ये नेली आणि धाकटा करायचा तसं केलं. म्हणजे मला वाटलं तसं केलं. टाकी काठोकाठ भरली, फ्यूल इंजिनापर्यंत यावं म्हणून एक बटण दाबतात ते दाबलं, काही होईना म्हणून आणखी दाबलं, मग कंटाळून दाबतच राहिलो. दोरी ओढली तर दोरी येईना. इंजिन पोटभर प्यालं होतं. मी पाय लावून ओढली, तेव्हा दोरी मुठीसकट माझ्या हातात आली आणि मी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्कूटरवर जाऊन बसलो. बसलो म्हणजे बसलोच, दोन्ही पाय एका बाजूला, बाया बसतात तसा.

बायकोनं फोनवर सांगितलं असावं, त्या संध्याकाळी डॉक्टर घरी आला. धाकटा गेल्यानंतर पहिल्यांदाच. दारातच म्हणाला, "दादा, तुमी दोरी तोडली म्हणे." मला दादा म्हणणारा आता तो एकटाच होता. खाली पार्किंगमध्ये त्यानं नवी दोरी बसवली, इंजिनाच्या डोक्यातला प्लग काढला, गाडी उलटी केली आणि मला म्हणाला, "तोंड बाजूले करा." मी नीट दिसावं म्हणून तोंड जवळ नेलं. त्यानं दोरी ओढली आणि इंजिनातलं सगळं फ्यूल माझ्या चष्म्यावर आलं. "म्हटलं होतं ना मी," तो शांतपणे म्हणाला. दवाखान्यातही तो असंच बोलत असणार.

गाडी सुरू झाली. पार्किंगमध्ये तो आवाज भरला. तोच, घोगरा. बायको खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. तिथंच थांबली.

"पाऊस येऊन राहिला आता," डॉक्टरनं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, "हवा बदलन. सुई जरा पाहून घेतो."

"थांब," मी म्हणालो. "ही आता जिथं आहे, ती त्यानंच लावलेली?"

"हव. त्या रविवारची. त्याच्यानंतर कोणी हात कुठं लावला?"

"मग राहू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला आणि चहा प्यायला वर आला. तो गेल्यावर मी बायकोच्या कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि त्या पितळी स्क्रूवर दोन हात देऊन जाड थर चढवला, म्हणजे चुकूनसुद्धा हलायला नको. जगात त्याचा हात जिथं थांबला होता, ती तेवढीच एक जागा शिल्लक होती. धुतली न गेलेली. मी इतिहासाचा माणूस. मुलांना जुन्या वस्तूला हात लावू नका म्हणून सांगण्यात माझी निम्मी सर्व्हिस गेली. बाटली पुन्हा जागेवर ठेवायला विसरलो. बायको ती शोधत राहिली आणि मी तिच्याबरोबर दिवाणाखाली वाकून बघत राहिलो.

पावसाळ्यात लेआउटचा चिखल झाला. गाडी पलंगाखाली. मधे मधे मी फ्यूलचा डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावलं नाही. चार-पाच वेळा असं झालं. नंतर कळलं की ते फ्यूल हवेतलं पाणी पिऊन खराब होतं. डॉक्टरनं डबा हलवून पाहिला, मोरीत ओतून दिला आणि आपला अर्धा डबा मला दिला.

श्रावणात माझी दाढ दुखायला लागली. गेलो त्याच्याकडेच. त्यानं हिरडीत इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, "दोन घंटे काई खायचं नाई, दादा. गरम तर अजिबात नाई. भूल आहे तवर समजत नाई काई, उतरते तेव्हा मुंग्या येतात अन् मंग ठणकते." मी बाहेर पडलो. जरीपटक्याच्या बाजारात समोसे तळले जात होते. एक घेतला. मस्त लागला. अर्धा खाल्ल्यावर समोसेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "भाईसाब, खून आ रहा है." मी समोशाबरोबर माझा ओठही चावत होतो. मला काहीच कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर तो बधिर गाल मला नवा नव्हता. मे महिन्यापासून मी तसाच होतो, फक्त गालापुरता नाही. घरी येऊन रुमालावरचे डाग दाखवले तर बायको म्हणाली, "तुमाले दोन घंटेही दम निघाला नाही?"

ऑक्टोबरात ऊन परत आलं. मी रविवारी उशिरा उठणारा, त्यामुळे लेआउटवर पोचायचो ते दुपारी, डोकं भाजायच्या वेळी. गाडी छान चालायची. मला चालवता यायची नाही हा भाग वेगळा. ती दगडांवर जायची, उलटी व्हायची, एकदा एका गाईच्या पायांमधून गेली. गाईनं नुसतं वाकून पाहिलं. पण आवाज बरोबर. मी डोळे मिटून ऐकत उभा राहायचो आणि म्हणून ती दगडांवर जायची.

मग थंडी पडली. नागपूरची थंडी महिनाभराचीच, पण पडली की पडते. डॉक्टर म्हणाला, आता दुपारी दवाखाना असतो, सकाळी या. मी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून सकाळी गेलो. गाडी सुरू व्हायला त्रास झाला, पण झाली, आणि काय पळाली म्हणता! धूर नाही, घोगरेपणा नाही, आवाज एकदम साफ, वर चढलेला, शिट्टीसारखा. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर एक अख्खी चक्कर न पडता मारली.

"पाह्य, पाह्य!" मी ओरडलो. "भल्ली पळून राहिली! खूश आहे आज!"

"खूश नाई ते!" डॉक्टर माझ्याकडे धावत येत होता. धावताना त्याची चप्पल मागे राहिली. "बोंबलून राहिली ते! बंद करा! दादा, बंद करा ना!"

मी आनंदात आणखी एक चक्कर मारली. त्यानं माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. गाडी थांबवून त्यानं बाटलीतल्या पाण्याचा थेंब इंजिनाच्या डोक्यावर टाकला. थेंब पडायच्या आतच चर्र झाला. "पाहा. हा थेंब जरा वेळ टिकला पाहिजे. तवा झाला आहे याचा."

मग तिथंच मातीत उकिडवा बसून त्यानं मला समजावलं. थंड हवा दाट असते. तिला फ्यूल जास्त लागतं. आणि या गाडीचं तेल फ्यूलमधेच असतं, वेगळं नाही. सुई मे महिन्याची, म्हणजे आत घातलेली. फ्यूल कमी, म्हणजे तेलही कमी. इंजिन कोरडं पळत होतं. "आवाज म्हणून साफ येऊन राहिला. असे दोन-चार रविवार काढले, तर पिस्टन घासून जाईन. मंग हे इंजिन नाई, पेपरवेट आहे. याचे पार्ट येणं बंद झालं, तुमाले माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं.

"सुई उघडू द्या मले. जराशी."

"नाही."

"मंग चालवू नका."

"चालवली नाही तर आवाज कसा येईल?"

डॉक्टर उठला आणि आपली चप्पल आणायला गेला. एका बाजूला इंजिन, एका बाजूला सुई. दोन्ही धाकट्याचीच. एक वाचवायचं तर दुसरं जाणार. मी गाडी पिशवीत घालून घरी आलो. बायकोनं विचारलं, "कशी चालली?" मी म्हटलं, "मस्त." आणि जेवलो.

आठवडाभर विचार करून मी जो उपाय काढला, तो म्हणजे हेअर ड्रायर. हवा थंड आहे हीच अडचण असेल तर सुई कशाला बदलायची, हवाच बदलू. इंजिन मे महिन्याएवढं तापवून न्यायचं, वर डब्यातल्या पोळ्यांना लावतात तशी चंदेरी पन्नी गुंडाळायची, रस्त्यात गार होऊ नये म्हणून मांडीवर शालीत घ्यायची. तसंच केलं. ऑटोवाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. "बच्चा है क्या, साहेब?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं खड्ड्यांतून ऑटो सांभाळून नेला.

डॉक्टरनं शाल उघडली, पन्नी उघडली, हात लावून पाहिला. "अरे वा! गरम करून आणलं? थंडीत असंच सुरू करावं लागते. कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"पयल्यांदा काहीतरी बराबर केलं तुमी. पण याच्यानं सुईचं काई होत नाई, दादा. इंजिन गरम केलं, बरं झालं. हवा कशी गरम करान? सगळ्या लेआउटले ड्रायर लावान का?"

मी तरीही चालवली. एकच चक्कर, असं त्याला म्हणालो आणि स्वतःलाही म्हणालो. पुन्हा तीच शिट्टी, तोच कोरडा, वर वर चढत जाणारा आवाज. गेल्या खेपेला खुशीचा वाटला होता. आता माहीत झालं होतं, त्यामुळे तो ऐकवत नव्हता. पण बोट रिमोटच्या चापावरून उचलायला जमेना. लांबच्या वळणावर आवाज मधेच तुटला. गाडी आपल्याच वेगानं थोडी घरंगळली आणि थांबली.

आम्ही दोघं चालत गेलो. मला वाटलं, गेलं. आणि वाटूनही आत काही हललं नाही, ते मला फार विचित्र वाटलं. डॉक्टरनं गाडी उचलली, फुंकर घातली, वेळ जाऊ दिला, मग खालून चाक अंगठ्यानं हळूहळू फिरवून पाहिलं. मान तिरपी केली. धाकट्याचीच लकब, किंवा धाकट्यानं त्याची उचललेली.

"पिस्टन अजून वर अडते," तो म्हणाला. "पकड आहे. म्हणजे जिवंत आहे. पुढच्या खेपेची ग्यारंटी मी नाई देत."

त्यानं गाडी फिरवून सुईची बाजू माझ्यासमोर धरली आणि नेलपॉलिशकडे त्याचं लक्ष गेलं. धुळीनं मळलेला, तडकलेला लाल थर. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला.

"हे काय आहे?"

"हलू नये म्हणून."

"दादा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, "तुमच्या भावानं ही सुई एक रविवार जागेवर ठेवली नाई. आल्यावर फिरवायचा, ऊन निघालं की फिरवायचा, ढग आला की फिरवायचा. मी म्हणायचो, बस कर ना बे, तर म्हणे, अजून ऐकू दे. अन् तुमी त्याले शेंदूर फासून बसले!"

मला हसू आलं. खरंच आलं, मोठ्यानं. तोही हसला आणि मग नाक पुसत दुसरीकडे बघायला लागला. त्याचं तसं होतं. माझं हसून झालं की परत सपाट.

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. "मी नाई लावत हात. तुमी लावा. नाई तर घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवा."

या वेळी हातात प्लेट नव्हती. मी खाली बसलो, नखानं नेलपॉलिश खरवडलं. पापुद्रे निघाले, काही नखात अडकले. बोटं गारठून लाकडासारखी झाली होती, स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसेना. बसला. मी श्वास रोखला आणि फिरवला.

"उलटं!" डॉक्टर किंचाळला. "टाईट करून राहिले तुमी! उलटं, उलटं!"

मी घाबरून उलटं फिरवलं. घाबरलेला माणूस फिरवतो तसं, म्हणजे कितीतरी.

"किती फिरवलं?"

"माहीत नाही."

"आधी कुठं होती?"

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. खूण म्हणून जो लाल रंग होता, तो माझ्या नखांत होता. मे महिन्याची सुई नेमकी कुठं होती, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. मी मातीत बसून राहिलो. काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. मागच्या रस्त्यानं कामठीकडे जाणारा शेअर ऑटो हॉर्न वाजवत गेला. दुसरं काही झालं नाही.

"आता शून्यापासून," डॉक्टर म्हणाला. "हलक्या हातानं पूर्ण बंद करा. लागली? आता उघडा. अजून. अजून. बस."

दोरी ओढली. सुरू झाली आणि मागून असा धूर निघाला की डॉक्टर दिसेनासा झाला. त्या धुराचा वास, एरंडेल आणि नखं रंगवायचं दुकान एकत्र केल्यासारखा. गाडी खोकत, रडतरखडत पळाली. "जास्त झालं," धुरातून आवाज आला. "एक घर आत. पळवा. ऐका आता. ऐका म्हणतो ना, पाहून नका राहू!"

मी ऐकलं. एक घर. पळवली. अर्धं घर. पळवली. दगडावर गेली, उलटी झाली, सरळ केली. "आवाजात जरासा घोगरेपणा राहू द्यायचा," डॉक्टर म्हणाला. "पूर्ण साफ झाला की समजायचं, जास्त केलं." आणि कुठल्यातरी चकरेला तो आला. घोगरा, भरलेला. मागे निळी रेघ. मे महिन्यातलाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. त्याच्यासारखा होता. डॉक्टरनं पाण्याचा थेंब टाकला. थेंब जरा वेळ थरथरला, मग उडाला.

पुढे ऊन निघालं. मी कानटोपी काढली, स्वेटर काढला. गाडी वळणावर किंचित गुदमरायला लागली, धूर जाड झाला. डॉक्टर मोबाइलवर पेशंटशी बोलत होता, "नाई, नाई, कुल्ला करा तुमी." मी गाडी बोलावली, खाली बसलो, आधी मनात घड्याळ आणलं, काटा कुठल्या बाजूनं जातो ते पाहिलं, आणि सुई अर्धं घर आत घातली. बरोबर बाजूला. त्याचं बोलणं संपलं तेव्हा गाडी पळत होती. त्यानं मान तिरपी करून ऐकलं आणि पिशवीतून आपली छोटी गाडी काढायला गेला.

घरी आलो तर बायकोनं दारातच नाक उचललं. "आत नका येऊ. शर्ट काढा तिथंच. तो बाकीच्या कपड्यांत नाही भिजवत, वेगळा भिजवावा लागते." हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. आजवर माझ्या शर्टाला तो वास इतका कधी लागलाच नव्हता. तिनं बाथरूमच्या मागच्या कोनाड्यातून कान तुटलेली निळी बादली काढली. मे महिन्यापासून ती बाहेर निघाली नव्हती, तिच्यात कोळ्याचं जाळं झालं होतं. ते तिनं हातानं पुसलं, गरम पाणी ओतलं, शर्ट बुडवला. पाण्यावर तेलाचे गोल तवंग वर आले.

"हात धुवा आधी. काय केलं हे?" तिनं माझी बोटं उलटी करून पाहिली. "नखांत लाल काय आहे?"

"नेलपॉलिश."

"माझं?"

"हव."

तिनं माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मग हातावर गरम पाण्याचा मग ओतला. सकाळी गारठलेली बोटं उन्हातही सुटली नव्हती, आता टोकांना मुंग्या यायला लागल्या.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"थोडं," मी म्हणालो.

तिनं आणखी एक मग ओतला.